परिचारिकेची पदवी आणि कर्जाचा हप्ता

गेल्या महिन्यांत कारंज्याहून एका भगिनीचें पत्र आम्हांस आलें. त्यांचे यजमान गुरुमंदिराच्या परिसरांत भिक्षुकी करतात. तीन एकर जमीन आहे, ती वांट्यानें दिलेली, आणि तिच्यांतील सोयाबीनचा सारा भरंवसा पावसावर. थोरली मुलगी शास्त्र शाखेंतून बारावी उत्तीर्ण झाली आहे. धाकटा मुलगा दहावींत आहे. मुलीस परिचारिकेची चार वर्षांची पदवी, म्हणजे बी. एस्सी. नर्सिंग, घ्यावयाची आहे. कोणी एक मध्यस्थ घरीं येऊन सांगून गेला कीं, संस्थेच्या कोट्यांतील जागा आजच धरा, चार लाखांचें कर्ज बँकेकडून करवून देतों, आणि मुलगी बाहेर पडली कीं महिना लाखाची नोकरी ठेवलेलीच आहे. पत्राच्या शेवटीं भगिनी विचारतात, “कर्ज काढावें, तर शिक्षण संपतांच मुलीचें लग्न होईल; मग हप्ते कोणीं फेडावयाचे? न काढावें, तर मुलीचें मन मोडतें. आपण काय सांगाल?”

हा प्रश्न एकाच घराचा नाहीं, म्हणून त्याचें उत्तर येथें सर्वांसमक्ष देत आहों.

प्रथम एक जुनी अढी दूर केली पाहिजे. ‘नर्स’ म्हटलें कीं आपल्यांतील कांहीं वडील मंडळींच्या कपाळास अजूनही आठी पडते. त्यांनीं इतकेंच आठवावें कीं, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन निघालें, आणि त्या संस्थेनें आपल्याच घरांतील मुली व विधवा ससून रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण घेण्यास पाठविल्या. लोकनिंदा तेव्हां पुष्कळ झाली. पण ज्या स्त्रिया शिकल्या त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. पुढें १९४६ सालीं दिल्ली व वेल्लोर येथें या विषयाची पदवी सुरू झाली. तेव्हां कामाच्या प्रतिष्ठेचा वाद आम्ही मिटलेला समजतों. उरला तो जमाखर्चाचा विचार.

हें शिक्षण आपल्या जिल्ह्यास नको आहे असेंही नाहीं. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ सालीं देशांतील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादींत आला, म्हणजे आरोग्य व शिक्षण यांत मागें राहिलेल्यांत त्याची गणना झाली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं राज्यांतील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचें उद्घाटन झालें, त्यांत वाशीमचेंही होतें. जेथें रुग्णालय वाढतें तेथें परिचारिका लागतातच. परंतु गरज असणें निराळें आणि पगार चांगला मिळणें निराळें. मध्यस्थ नेमका हाच भेद झांकून ठेवतो.

आतां मिळकत पाहूं. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यांत नागपूरच्या एम्ससारख्या केंद्रीय रुग्णालयांतील नर्सिंग अधिकाऱ्याचें मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतें. राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचें ३५,४०० रुपयांपासून. त्यावर भत्ते निराळे. या जागा चांगल्या खऱ्या. पण त्या स्पर्धापरीक्षेनें मिळतात, आणि भरती दरवर्षीं निघेलच असें नाहीं. खाजगी रुग्णालयांची गोष्ट वेगळी. २०१६ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिल्यावर केंद्र सरकारनें एक समिती नेमली. तिनें अशी शिफारस केली कीं, २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयानें सरकारी पगाराइतका पगार द्यावा, आणि ५० पर्यंत खाटांच्या लहान रुग्णालयानेंही २०,००० रुपयांहून कमी देऊं नये. शिफारस करावी लागली यांतच काय तें समजावें. तालुक्याच्या गांवीं याहूनही कमी पगारावर मुली राबतात. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, कर्जाचा हिशेब ४४,९०० वर मांडूं नये, २०,००० वर मांडावा. सरकारी जागा मिळाली तर आनंदच आहे. पण न मिळालेल्या जागेच्या पगारावर कर्ज काढणें म्हणजे न पिकलेल्या सोयाबीनवर उसनवारी करणें होय.

आतां कर्ज पाहूं. समजा, फी ६०,००० व राहण्या-जेवण्याचे ४०,००० मिळून वर्षाला एक लाख लागला, आणि व्याज शेंकडा १० आहे. शिक्षण चालू असतां व त्यापुढें एक वर्ष हप्ता मागत नाहींत. पण व्याज सरळ पद्धतीनें चढत असतें. पहिल्या लाखावर पांच वर्षांचें, दुसऱ्यावर चार वर्षांचें, असें करतां एकूण १,४०,००० रुपये व्याज होतें. म्हणजे चार लाख घेतले, पण फेड सुरू होते ती ५,४०,००० पासून. दहा वर्षांची मुदत धरिली तर हप्ता सुमारें ७,१४० रुपये पडतो. वीस हजारांतून हा गेला, तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक पगार बँकेकडे गेला. खोलीचें भाडें व जेवण काढून मुलीच्या हातीं काय उरेल, तें ज्या त्या आईनें मोजावें.

हप्ता अपेक्षित पगाराच्या चौथ्या हिश्शाहून मोठा नसावा, असें आमचें मत आहे. वीस हजारांचा चौथा हिस्सा पांच हजार. वरच्याच दरानें व मुदतीनें मांडलें, तर एकूण कर्ज २,८०,००० च्या वर जातां कामा नये. चार लाख या मर्यादेंत बसत नाहींत. मग पदवी सोडून द्यावी काय? नाहीं, खर्च कमी करावा. त्याच्या तीन वाटा आम्हांस दिसतात.

पहिली वाट प्रवेशाची. २०२४-२५ पासून राज्य शासनानें ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे, त्यांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण-शुल्क व परीक्षा-शुल्क पूर्ण माफ केलें आहे, आणि खुल्या वर्गांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांसही तें लागू आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरींतून झालेला असला पाहिजे. संस्थेच्या किंवा व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेतलेल्या जागेस ही माफी नाहीं. मध्यस्थाची घाई कशासाठीं होती, तें आतां ध्यानीं येईल. वरच्या उदाहरणांत फी वजा केली तर वर्षाला ४०,००० च उरतात. चार वर्षांचे १,६०,००० घेतले, तर व्याजासह दहा वर्षांचा हप्ता सुमारें २,८५० रुपये होतो. हें ओझें मुलगी सहज उचलील.

दुसरी वाट व्याजाची. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत असेल, तर शिक्षणकाळाचें व त्यापुढील एका वर्षाचें व्याज केंद्र सरकार भरतें. त्यासाठीं तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा, आणि महाविद्यालयास भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता हवी. अर्ज देतांनाच बँकेंत ही सवलत नांव घेऊन मागावी. न मागतां ती कोणी आठवणीनें देईल या भरंवशावर राहूं नये. आणखी एक. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास सामान्यतः तारण लागत नाहीं. तेव्हां त्या तीन एकरांस हात लावूं नये.

तिसरी वाट अभ्यासक्रमाची. तीन वर्षांची जी. एन. एम. पदविका घेतलेली मुलगीही नोंदणीकृत परिचारिकाच होते, आणि राज्याच्या अधिपरिचारिका पदास ती चालते. एक वर्षाचा खर्च वांचतो, एक वर्ष आधीं पगार सुरू होतो, आणि पुढें दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून पदवीही घेतां येते. मात्र एम्सच्या परीक्षेस पदविकेबरोबर दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि पुढें शिकविण्याचें काम करावयाचें तर पदवीच लागते. ज्या मुलीस तेथवर जावयाचें आहे तिनें पदवीचाच आग्रह धरावा.

उरला तो मूळ प्रश्न : लग्नानंतर फेडावें कोणीं? कर्जाच्या कागदावर मुलीबरोबर बापाचीही सही असते. मुलगी सासरीं गेली म्हणून बँक बापास सोडीत नाहीं. तेव्हां ही गोष्ट बोलणीं चालूं असतांनाच उघड सांगावी : इतकें कर्ज आहे, इतका हप्ता आहे, तो आमची मुलगी आपल्या पगारांतून फेडील आणि त्यासाठीं ती नोकरी करील. जें स्थळ हें ऐकून मागें सरेल, तें गेलेलेंच बरें. मुलाच्या अभियांत्रिकीच्या कर्जास आपण घराची उभारणी म्हणतों आणि मुलीच्या कर्जास ओझें म्हणतों. हा भेद आम्हांस न्यायाचा वाटत नाहीं. मात्र धाकट्याचेंही शिक्षण पुढें आहे, म्हणून थोरलीचें कर्ज हातांत मावेल एवढेंच असावें.

तेव्हां कारंज्याच्या भगिनींस आमचें उत्तर असें : मध्यस्थास नमस्कार करून परत पाठवावें. मुलीस केंद्रीभूत प्रवेशाच्या सर्व फेऱ्या पाहूं द्याव्या. जागा मिळाली तर स्वतः यजमानांनीं मुलीबरोबर जाऊन मान्यता, रुग्णालयांतील खाटा व भरलेले रुग्ण, आणि मागील मुली कोठें व किती पगारावर लागल्या, हें तीन प्रश्न विचारावे. उत्तरें समाधानकारक असल्यास लहानसें कर्ज निःशंकपणें काढावें. जागा न मिळाल्यास पदविका घ्यावी, किंवा एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी. एक वर्ष गेलें तर तें भरून निघतें. चढलेलें व्याज मात्र पै-पैनें फेडावें लागतें. आणि जें काय ठरेल, तें मुलीस जवळ बसवून, तिच्याच हातानें कागदावर मांडून ठरवावें. हप्ता तिला भरावयाचा आहे. हिशेबही तिलाच आधीं कळला पाहिजे.