भिंत विचारता, मग भिंतीखालची जमीन का नाही विचारत?



२००२ च्या पावसाळ्यात पनवेल तालुक्यातल्या आपल्या एका वाडीवर थोड्या दिवसांच्या अंतराने दोन सरकारी माणसं आली. पहिला पाहणीवाला, हातात छापील तक्ता. भिंत कशाची? कारवीचा कूड, वर शेणमाती. छप्पर? कौलं. भुई? सारवलेली. खोल्या किती, दिवा कसला, पाणी किती लांबून आणता, संडास आहे का? सगळं लिहून घेतलं, चहा घेतला नि गेला. दुसरा आला तो खाकी कपड्यातला. त्याने काही विचारलंच नाही. घर वनजमिनीवर आहे, अतिक्रमण आहे, काढून घ्या, एवढं बोलला नि गेला.

घर तेच, सरकारही तेच. एकाच्या कागदात ते कच्चं घर, दुसऱ्याच्या कागदात अतिक्रमण. आणि हे दोन कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत. आमचं भांडण इथेच आहे.

पाहणीवाला आला तो राष्ट्रीय नमुना पाहणीचा. जुलै ते डिसेंबर २००२ ही तिची ५८ वी फेरी होती. देशातली घरं कशी आहेत हे ती बघत होती. अशीच पाहणी १९७३-७४ ला झाली, १९८८-८९ ला झाली, १९९३ ला झाली. १९८८-८९ ला तर आदिवासी कसे राहतात हे मुद्दाम वेगळं तपासलं. म्हणजे सरकारला आपली आठवण नाही असं नाही. आठवण आहे, पण भिंतीपुरती. घर मालकीचं, भाड्याचं की इतर, एवढं विचारलं. पण भिंतीखालची जमीन कोणाची, तिथे किती पिढ्या काढल्या, उठवायची नोटीस आली का, घर कधी मोडलं का, हे वाडीवर कोणी विचारलं नाही.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू बघा. ३ मे २००२ ला केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र धाडलं, की नियमात न बसणारी वनजमिनीवरची अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत हटवा. त्यात आकडा दिला, सुमारे साडेबारा लाख हेक्टर. हेक्टर मोजले, पण त्या हेक्टरांवर चुली किती पेटतात ते मोजलं नाही. एकीकडे दिल्लीचं एक खातं घरं मोजायला माणसं पाठवत होतं, आणि त्याच महिन्यांत दुसरं खातं घरं हटवायची तारीख देत होतं. साडेबारा लाख हेक्टर म्हटलं की ऐकणाऱ्याला जंगल गेलं असं वाटतं. इतकी लाख कुटुंबं म्हटलं असतं, तर कोणीतरी दोनदा विचार केला असता. तो आकडा नव्हता, कारण तो प्रश्नच कधी तक्त्यात नव्हता.

कोणी म्हणेल, घर मोजणाऱ्यांनी जमिनीच्या भानगडीत कशाला पडायचं? त्यांना आम्ही कळंबोलीला घेऊन जातो. दिवाळीनंतर आपल्यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, काही कळंबोली, कामोठे, खारघरच्या बांधकामांवर जातात. तिथे पत्रा नि प्लास्टिक लावून राहतात. शहरातल्या झोपडपट्ट्यांसाठी त्याच ५८ व्या फेरीत वेगळा तक्ता होता. आणि त्या तक्त्यात विचारलं होतं, झोपडपट्टी कोणाच्या जमिनीवर आहे, खाजगी की सरकारी? म्हणजे प्रश्न तयार होता, छापलेला होता. गावांसाठीही तक्ता होता, पण त्यात शाळा किती लांब, पोस्ट किती लांब, हेच. आपला माणूस कळंबोलीच्या पत्र्याखाली असेल तर त्याच्या खालची जमीन सरकारला दिसते. तोच माणूस डोंगरातल्या वाडीवर परत गेला की जमीन दिसेनाशी होते. हे कसलं मोजमाप?

कागदात नसलं की काय होतं, ते कळंबोलीच्याच मातीने दाखवलंय. सिडको १९७० ला आली. शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. ते लढले, जानेवारी १९८४ ला पाच जण हुतात्मा झाले, आणि लढून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळवला. त्या लढ्याला आमचा सलाम. पण त्याच गावांच्या माळावर नि बांधावर राहणाऱ्या कातकऱ्याचं नाव कुठल्या सातबारावर होतं? सातबारा नाही म्हणून गेलं काय त्याची नोंद नाही, नोंद नाही म्हणून मोबदला नाही. शहर उभं राहिलं, त्याच्या विटा आम्ही भाजल्या, आणि हिशोबात आमची ओळ नव्हती.

आणि ते कच्चं-पक्कं! कूड असला की कौलाचं घरही अर्धंच पक्कं धरतात. मग अहवालात येतं, आदिवासींची घरं वाईट, त्यांना घरं बांधायला शिकवा. अरे, कूड आम्ही हौसेने ठेवलाय का? वनजमिनीवर पक्कं बांधू देत नाहीत. घरकुल मागायला गेलं की पहिला सवाल, जागा नावावर आहे का? दुखणं पायाखाली आहे आणि औषध भिंतीला लावतात.

आता एक गोष्ट आपल्या लोकांना साफ सांगतो. या पाहणीत घर आलं म्हणून पट्टा मिळत नाही. आलं नाही म्हणून हक्क जात नाही. ही थोड्या घरांवरून सगळ्यांचा अंदाज काढणारी पाहणी आहे, शितावरून भाताची परीक्षा. नावं जाहीर होत नाहीत. तुमचा दावा सिद्ध व्हायचा तो गावसमितीपुढे, दळीच्या कागदाने, दंडाच्या पावतीने, म्हाताऱ्यांच्या साक्षीने. पण धोरण ठरतं ते आकड्यांवर. म्हणून शितं आपल्या हंडीतलीही निघाली पाहिजेत.

पुढची फेरी केव्हातरी येणारच. तक्ता छापला की मग बदलत नाही. म्हणून आत्ताच मागतो:

१) घर कोणाच्या जमिनीवर आहे ते वाडीवरही विचारा: स्वतःची, गावठाण, वन, खाजगी मालक की सिडको.
२) किती वर्षं राहता, आणि मागच्या पाच वर्षांत नोटीस आली का, घर मोडलं का, ते विचारा.
३) महसुली गावाच्या पोटात वाडी लपवू नका. वाडीचा आकडा वेगळा द्या.
४) दिवाळीनंतर वाडीला कुलूप दिसलं तर शेजारचं घर घेऊन मोकळे होऊ नका. आम्ही घरी असतो तेव्हा, पावसाळ्यात या.
५) नावं नकोत, पण आमच्या भागाचे आकडे मराठीत ग्रामसभेला द्या.

तोवर आपण काय करायचं? पाहणीवाला कुठल्याही वाडीवर येऊ शकतो. त्याला हाकलू नका, तो पोटासाठी फिरतो. खरं सांगा. घर आमचं, आमच्या हाताने बांधलेलं. जमीन कागदावर दुसऱ्याची, कसण्यात आमची. तक्त्यात रकाना नसेल तर शेवटी शेरा लिहायला जागा असते, तिथे लिहायला सांगा. आणि लिहिलेलं वाचून दाखव म्हणा. पोरं शिकली आहेत, त्यांना जवळ बसवा.

भिंत मोजलीत, आता जमीन मोजा. जिंदाबाद!