गाडी तुझी, फडकं कुणाचं?

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी नि इंद्रावती एकत्र येतात. तिथल्यासारख्या नदीत जीप उतरवून धुणारे मी पाहिलेत. तेल, ग्रीस, साबण थेट पाण्यात. खालच्या अंगाला माणसं अंघोळ करतात. धुणारा कोण? साहेब नव्हे, ड्रायव्हर!

आता आपल्याही काहींच्या दारात गाडी आलीय. येऊ द्या की! पण धुवायला पोऱ्या ठेवला, तर तुम्हीही साहेबच. स्वतः धुवा. मातीच्या अंगणात, सावलीत, विहिरीपासून लांब. पाइप नको. १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी पाण्यासाठी डोकी फोडून घेतली. दोन बादल्या पुरतात: एक साबणाची, एक साध्या पाण्याची. सुरुवात टपापासून. चाकं शेवटी, नाहीतर त्यांची रेती फडक्यातून रंगावर ओरखडे काढते.