महिला सॉफ्टबॉल : ऑलिंपिकचे दार उघडले, आशियातील आठवे स्थान अद्याप दूर

मदन महल (जबलपूर) – मुंबईत १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या १४१ व्या अधिवेशनात लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिकसाठी पाच खेळांचा समावेश मंजूर झाला. १९०० नंतर क्रिकेट पुन्हा ऑलिंपिकमध्ये खेळले जाणार, ही बातमी देशभर गाजली. त्याच ठरावात स्क्वॉश, लॅक्रोस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल यांचीही नावे होती. महिला सॉफ्टबॉलचे ऑलिंपिकमधील पुनरागमन भारताच्या भूमीवर निश्चित झाले. भारतात मात्र त्याची फारशी चर्चा झाली नाही.

मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांमध्ये हा खेळ खेळणाऱ्या मुलींच्या दृष्टीने ही बातमी लहान नव्हती. मदन महलची टेकडी, तिच्यावरील गोंड राजवटीचा किल्ला आणि जवळचा तोल सांभाळून उभा असलेला प्रसिद्ध खडक ही जबलपूरची ओळख आहे. राणी दुर्गावतीचे नाव अभिमानाने घेणाऱ्या आणि १८१७ पूर्वीच्या मराठा अमलापासून मराठी भाषकांशी संबंध असलेल्या या शहरात मुलींनी मैदानावर उतरण्याचे नवल नाही. प्रश्न वेगळा आहे. येथील एखाद्या शाळकरी मुलीने आज सॉफ्टबॉल हा खेळ निवडला, तर तो तिला कोठवर नेऊ शकतो? या प्रश्नाचे उत्तर लॉस एंजेलिसमध्ये नव्हे, तर आशियाई क्रीडास्पर्धेत शोधावे लागते.

खेळाचे स्वरूप

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. बेसबॉलचे हे भावंड असले तरी दोन्ही खेळांत महत्त्वाचे फरक आहेत. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, सुमारे १२ इंच परिघाचा असतो. नावात 'सॉफ्ट' असले तरी तो मुळीच मऊ नसतो. चेंडू खांद्यावरून नव्हे, तर हात कमरेखालून फिरवून फेकला जातो. महिलांच्या सामन्यात पिचर आणि बॅटर यांच्यातील अंतर ४३ फूट, तर दोन बेसमधील अंतर ६० फूट असते. प्रत्येक संघात नऊ खेळाडू आणि सामन्यात सात डाव असतात. पिचरने ताशी ११० किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपर्यंत पोचतो. तेवढ्या वेळात निर्णय घेऊन बॅट फिरवावी लागते.

भारतीय शाळांना हा खेळ सोयीचा वाटण्याचे कारण या मोजमापातच आहे. बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. त्या तुलनेत सॉफ्टबॉल लहान मैदानावर बसतो. क्रिकेटप्रमाणे काळजीपूर्वक राखलेली खेळपट्टी लागत नाही आणि सामना साधारण दोन तासांत संपतो. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हा खेळ जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. मध्य प्रदेशात इंदूर, महाराष्ट्रात जळगाव आणि अमरावती ही नावे सॉफ्टबॉलच्या संदर्भात म्हणूनच वारंवार ऐकू येतात. महानगरांपेक्षा मध्यम शहरांनी जोपासलेला हा खेळ आहे.

ऑलिंपिकमधील ये-जा

आंतरराष्ट्रीय पातळीवर महिलांचे सॉफ्टबॉल पुरुषांच्या पुढे आहे, ही या खेळाची विशेष बाब होय. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९६५ मध्ये मेलबर्न येथे झाली आणि तीत ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला हरवले. ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल हा केवळ महिलांचा क्रीडाप्रकार म्हणून १९९६ मध्ये अटलांटा येथे दाखल झाला. १९९६, २००० आणि २००४ अशी सलग तीन सुवर्णपदके अमेरिकेने जिंकली. अथेन्स येथे २००४ मध्ये तर अमेरिकेने नऊ सामन्यांत ५१ धावा केल्या आणि प्रतिस्पर्ध्यांना मिळून केवळ एक धाव दिली.

हे निर्विवाद वर्चस्व खेळाच्या मुळावर आले, असे अनेकांचे मत आहे. सिंगापूर येथे जुलै २००५ मध्ये झालेल्या मतदानात सॉफ्टबॉलच्या बाजूने ५२ आणि विरोधात ५२ मते पडली. बहुमत न मिळाल्यामुळे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधून हा खेळ वगळला गेला. बेसबॉलही त्याच वेळी बाहेर पडला. १९३६ नंतर पोलो बंद झाला होता. त्यानंतर ऑलिंपिकमधून खेळ वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. एका मताच्या फरकाने जगभरातील हजारो मुलींच्या भवितव्याची दिशा बदलली.

त्यातील विरोधाभास २००८ मध्ये बीजिंगला दिसून आला. खेळ बाहेर जाणार हे ठरलेले असताना जपानने अंतिम सामन्यात अमेरिकेला ३-१ असे हरवले. जपानची पिचर युकिको उएनो हिने दोन दिवसांतील तीन सामन्यांत ४१३ चेंडू फेकले. त्यानंतर तिला आणि तिच्या पिढीला ऑलिंपिकची वाट पाहत १३ वर्षे काढावी लागली. टोकियो ऑलिंपिकसाठी यजमान जपानच्या आग्रहामुळे सॉफ्टबॉल परत आले. २७ जुलै २०२१ रोजी जपानने पुन्हा अमेरिकेला २-० असे हरवले, तेव्हा ३९ वर्षांची उएनो मैदानात होती. अमेरिकेची कॅट ऑस्टरमन हीदेखील २००४ आणि २००८ नंतर थेट या स्पर्धेत ऑलिंपिक खेळली. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा नव्हते.

उएनो आणि ऑस्टरमन टिकल्या, याचे कारण त्यांच्या जिद्दीइतकेच त्यांच्या देशांतील व्यवस्थेतही आहे. जपानमध्ये मोठ्या उद्योगसमूहांचे संघ खेळाडूंना नोकरी आणि सराव दोन्ही देतात. अमेरिकेत विद्यापीठांच्या शिष्यवृत्तीवर हा खेळ उभा आहे. ऑलिंपिकचे दार बंद झाले तरी तेथे खेळ थांबला नाही. ज्या देशांत अशी व्यवस्था नव्हती, तेथे ऑलिंपिकबरोबर सरकारी निधीही आटला.

आशियाई स्पर्धा आणि भारत

राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सॉफ्टबॉलचा समावेश झालेला नाही. त्यामुळे भारतीय महिलांसाठी अनेक खेळांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात उतरण्याची व्यवहार्य संधी म्हणजे आशियाई क्रीडास्पर्धा. तेथे १९९० पासून महिला सॉफ्टबॉल खेळले जाते. १९९०, १९९४ आणि १९९८ मध्ये चीनने, तर २००२ पासून प्रत्येक वेळी जपानने सुवर्णपदक पटकावले. या यादीत भारताने अजून प्रवेश केलेला नाही.

तशी आशा २०२२ मध्ये निर्माण झाली होती. हांगझोऊ स्पर्धेसाठी भारतीय महिला संघाला वाइल्ड कार्ड मिळाल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. कोविडमुळे ती स्पर्धा वर्षभर लांबली आणि २३ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर २०२३ या काळात झाली. भारताने १०७ पदकांचा विक्रम केला. महिला क्रिकेट संघानेही सुवर्णपदक जिंकले. परंतु सॉफ्टबॉलच्या मैदानावर भारताचा संघ नव्हता. चीन, जपान, चिनी तैपेई, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स, थायलंड, हाँगकाँग आणि सिंगापूर असे आठ संघ तेथे खेळले.

आठ हा आकडा येथे महत्त्वाचा आहे. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये जाहीर केलेल्या निकषानुसार, सांघिक खेळात आशियातील पहिल्या आठ संघांत स्थान असेल तरच भारताचा संघ आशियाई स्पर्धेला पाठवावा, असे ठरले. याच नियमाने फुटबॉल संघाचा मार्ग अडला होता. मोठी चर्चा झाल्यावर मंत्रालयाने फुटबॉलच्या पुरुष व महिला संघांसाठी नियम शिथिल केला. पुढील बहुक्रीडा स्पर्धांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या धोरणातही सांघिक खेळांसाठी पहिल्या आठांची अट कायम राहिली. जपानमधील आयची-नागोया येथे १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या कालावधीसाठी ठरविण्यात आलेल्या २० व्या आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमातही सॉफ्टबॉलला स्थान देण्यात आले.

निकषाची दुसरी बाजू

मंत्रालयाच्या भूमिकेत तथ्य आहे. सार्वजनिक पैशातून जाणारे पथक केवळ सहल ठरू नये, ही अपेक्षा रास्त आहे. पूर्वी मोठी पथके पाठवून हाती काही न लागल्याचे अनुभव देशाने घेतले आहेत. मात्र सांघिक खेळाच्या बाबतीत हा नियम एक दुष्टचक्र निर्माण करतो. संघ मोठ्या स्पर्धेत खेळला नाही तर त्याचा दर्जा वाढत नाही. दर्जा वाढला नाही तर तो पाठविला जात नाही. धावपटू एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करून आपली वेळ सुधारू शकतो. वेगवान पिचरला सामोरे जाण्याची सवय मात्र वेगवान पिचरसमोर उभे राहूनच लागते. ही सवय देशांतर्गत सामन्यांतून पूर्णपणे येणे कठीण आहे. फुटबॉलसाठी आवाज उठवणारे लाखो लोक होते. सॉफ्टबॉलसाठी तसे कोणी नव्हते.

तरीही आठव्या स्थानाचे गणित नीट पाहिले तर ते निराशाजनक नाही. भारतीय संघाला लगेच जपान किंवा चीनला हरवायचे नाही. त्याला गाठायचे आहेत ते सिंगापूर, हाँगकाँग आणि थायलंड यांच्यासारखे संघ. यांपैकी पहिल्या दोघांची लोकसंख्या प्रत्येकी एक कोटीहूनही कमी आहे. हे अंतर पदकाचे नसून सातत्याचे आहे. दरवर्षी ठरलेले प्रशिक्षण शिबिर, पिचर घडविणारे स्वतंत्र प्रशिक्षक आणि आशिया खंडातील मध्यम दर्जाच्या संघांशी नियमित सामने एवढी तयारी चार वर्षे टिकली, तर पहिल्या आठांत येण्याची अपेक्षा बाळगता येईल.

ऑलिंपिकबद्दल मात्र भ्रम नसावा. लॉस एंजेलिससाठी महिला सॉफ्टबॉलचे केवळ सहा संघ आहेत. हे सामने लॉस एंजेलिसमध्ये नव्हे, तर तेथून दूर असलेल्या ओक्लाहोमा सिटी येथील सॉफ्टबॉलच्या मोठ्या मैदानावर व्हायचे आहेत. त्या सहांत भारताची गणना आज कोणी करणार नाही. शिवाय २०२८ नंतरही या खेळाचे ऑलिंपिकमधील स्थान यजमान देशांच्या पसंतीशी बांधलेले राहण्याची शक्यता आहे. २००५ आणि २०२४ चा अनुभव तोच आहे.

प्रमाणपत्रापलीकडे

मग भारतातील मुली सॉफ्टबॉल का खेळतात? खेळाचा आनंद हे पहिले कारण असले तरी दुसरे कारण व्यावहारिक आहे. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातील भरतीसाठी मान्य असलेल्या ४३ खेळांच्या जुन्या यादीत सॉफ्टबॉल होते. २०२० मध्ये ही यादी ६३ खेळांची झाली, तेव्हाही ते राहिले. महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुणही मिळतात. मध्यमवर्गीय किंवा शेतकरी कुटुंबातील आईवडील मुलीला सरावाला पाठवितात, त्यामागे हा विचार असतो. त्यात गैर काही नाही. एका प्रमाणपत्राने मुलीचे शिक्षण पुढे चालू राहत असेल, तर खेळाने मोठेच काम केले.

अडचण अशी की प्रमाणपत्र हाती पडताच बहुतेक मुलींचा खेळ थांबतो. राष्ट्रीय स्पर्धेनंतरची पायरीच दिसत नसल्याने वीस-बावीस वर्षांच्या वयात, म्हणजे कौशल्य परिपक्व होऊ लागते त्या टप्प्यावर, त्या मैदान सोडतात. उएनो बीजिंगला जिंकली तेव्हा २६ वर्षांची होती. त्या वयापर्यंत भारतीय सॉफ्टबॉलपटू बहुधा नोकरी किंवा संसारात स्थिरावलेली असते.

वेगळे काय घडू शकते, याचे उदाहरण जबलपूरमध्येच आहे. या शहराची तिरंदाज मुस्कान किरार येथील मध्य प्रदेश शासनाच्या तिरंदाजी अकादमीत घडली. २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत कंपाउंड प्रकारात भारतीय महिला संघाने रौप्यपदक मिळविले. अंतिम फेरीत दक्षिण कोरियाकडून अवघ्या तीन गुणांनी, २३१-२२८ असा पराभव झाला. त्या संघात ज्योती सुरेखा वेन्नम आणि मधुमिता कुमारी यांच्यासमवेत मुस्कान होती. विशेष म्हणजे कंपाउंड तिरंदाजीला त्या वेळी ऑलिंपिकमध्ये स्थान नव्हते. लॉस एंजेलिससाठी या प्रकारातील मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश एप्रिल २०२५ मध्ये झाला. म्हणजेच ऑलिंपिकची खात्री नसतानाही अकादमी चालू राहिली, सराव सुरू राहिला आणि आशियाई पदक आले. ऑलिंपिकचे दार नंतर उघडले, तेव्हा भारताचे तिरंदाज तयार होते.

सॉफ्टबॉलने आणि ते चालविणाऱ्यांनी घ्यावयाचा धडा हाच आहे. आंतरराष्ट्रीय समितीचा ठराव खेळाला संधी देतो, संघ देत नाही. मुंबईतील मतदानाने दार उघडले हे खरे. पण त्या दारापर्यंत जाणारी पहिली पायरी आशियातील आठवे स्थान ही आहे. ती गाठण्यासाठी मंत्रालयाने नवोदित सांघिक खेळांना ठराविक मुदतीची संधी द्यावी आणि त्या मुदतीत प्रगती दाखविण्याचे बंधन राष्ट्रीय संघटनेवर घालावे, असा मध्यम मार्ग काढता येईल. तसे झाले नाही, तर मदन महलच्या, जळगावच्या, इंदूरच्या मुली खेळत राहतील, प्रमाणपत्रे मिळवतील आणि ऐन उमेदीत ग्लव्ह खुंटीला टांगतील. देशाने त्यांना हरताना पाहिलेले नाही, कारण खेळण्याची संधीच दिलेली नाही.