मोजकेच रुग्ण, म्हणून मोजायचेच नाहीत?



आपल्या मंडळाचे अंदाजपत्रक येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यायचे आहे. गणेशोत्सव, गुणवंतांचा सत्कार, व्याख्यानमाला, सभागृहाची डागडुजी ही खर्चाची शीर्षे दरवर्षीचीच. यंदा त्यांत 'औषध निधी' हे एक नवे शीर्ष घालावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यातही पहिला हक्क दुर्मिळ कर्करोगाच्या रुग्णांचा असावा. तो का, हे सांगण्यासाठीच हे संपादकीय.

तोंडाचा किंवा स्तनाचा कर्करोग सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठी शिबिरे होतात, फलक लागतात, पुढारी फीत कापायला येतात. पण 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया', म्हणजे सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाचे नाव किती जणांनी ऐकले आहे? लाख माणसांमागे वर्षाला एखाद-दुसऱ्याला तो होतो. या हिशेबाने वीस लाखांच्या शहरात वर्षाला वीस ते चाळीस नवे रुग्ण. एवढ्या मतांनी एका प्रभागाची निवडणूकही फिरत नाही. मग त्यांच्यासाठी फीत कोण कापणार?

पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा साठीच्या आसपास आढळतो. आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीतले रुग्ण पुष्कळ. म्हणजे घरातला कमावता माणूस. थकवा येतो, वजन उतरते, पाणथरी वाढून डाव्या कुशीत जड वाटते. कित्येकदा तर काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्याच कारणाने केलेल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या दिसतात.

या आजाराचा इतिहास मात्र आशा देणारा आहे. 1960 साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे नोवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांना रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले जातात, त्यातून हे घडते. या अदलाबदलीतून तयार होणारे प्रथिन पेशींना बेसुमार वाढायला लावते. नेमके तेच रोखणारे 'इमॅटिनिब' हे औषध 2001 साली अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या चाचण्यांत डॉ. ब्रायन ड्रकर यांचा मोठा वाटा होता. पूर्वी निदानानंतर बहुतेकांच्या हाती चार-पाच वर्षे उरत. या गोळीच्या मुख्य चाचणीत दहा वर्षांनंतरही शंभरातले ऐंशीहून अधिक रुग्ण हयात होते.

हे केवळ प्रयोगशाळेचे श्रेय नव्हे. 1999 साली चाचणीसाठी औषध पुरेना, तेव्हा कॅनडातील एका तरुण रुग्ण स्त्रीने पुढाकार घेऊन रुग्ण व नातेवाइकांच्या तीन हजारांवर सह्या कंपनीच्या प्रमुखांकडे पाठवल्या आणि उत्पादन वाढवण्याची मागणी केली. उत्पादन वाढले. विखुरलेले रुग्ण एकत्र आले, एवढेच त्यांचे बळ.

दुसरी लढाई आपल्या देशात झाली, ती किमतीची. नोव्हार्टिस कंपनीच्या गोळीला महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये पडत. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. कंपनी हजारो रुग्णांना औषध मोफत देत होती, हेही नोंदवले पाहिजे. पण मोफत वाटप ही देणाऱ्याची मर्जी असते. बाजारात परवडणाऱ्या भावात औषध मिळणे वेगळे. कंपनीच्या पेटंट अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेने हरकत घेतली. 2006 साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1 एप्रिल 2013 रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील फेटाळले. जुन्याच औषधाचे नवे रूप काढले, पण त्याचा रोगावरील गुण वाढल्याचे दाखवता आले नाही, तर नवे पेटंट नाही, हे पेटंट कायद्याचे कलम 3(ड) त्या दिवशी टिकले. आज हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

मग आता मंडळाने काय करायचे उरले? पुष्कळ उरले आहे. ही गोळी रोज घ्यावी लागते, वर्षानुवर्षे. चार दिवस बरे वाटले म्हणून थांबवली, की आजार डोके वर काढू शकतो. शिवाय सुरुवातीला दर तीन महिन्यांनी रक्ताची पीसीआर चाचणी लागते. औषध काम करते आहे की नाही, ते तिच्यावरून कळते. पहिली गोळी लागू पडेनाशी झाली, तर पुढची औषधे अधिक महाग. घरी बसून घेतलेल्या गोळीचा खर्च आरोग्य विम्यातून मिळेलच असे नाही. सरकारी योजनेच्या यादीत आपली मध्यमवर्गीय घरे सहसा बसत नाहीत.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मुदतीआधी मोडायला आलेला माणूस आम्ही काउंटरवर पाहिला आहे. कारण विचारले, तर तो 'घरखर्च' म्हणतो. आजाराचे नाव घेत नाही. आपल्या जुन्या घराण्यांत तर ही लपवाछपवी अधिकच. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जायचे, परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचे आणि परत येऊन 'नातेवाइकांकडे गेलो होतो' असे सांगायचे. अशाने पैशाची ओढाताण होते ती होतेच, माणूसही एकटा पडतो.

संशोधनालाही हे गुपित मारक आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात, दीर्घकाळ चाचणीत रोगाचा मागमूस न दिसलेल्या शंभर रुग्णांची गोळी देखरेखीखाली थांबवण्यात आली. सुमारे चाळीस टक्क्यांमध्ये आजार परतला नाही. हे कळले, कारण रुग्ण नियमित तपासणीला येत राहिले आणि नोंदी ठेवल्या गेल्या. दुर्मिळ आजारात एकेका रुग्णाची नोंद मोलाची असते. तपासणी न चुकवणे, कागद जपून ठेवणे आणि डॉक्टरांनी विचारल्यास समजून-उमजून अभ्यासात सहभागी होणे, हीही संशोधनाला मदतच आहे. पण स्वतःच्या मनाने गोळी थांबवणे हा प्रयोग नव्हे, आत्मघात आहे.

म्हणून तीन गोष्टी. राज्य सरकारकडे मंडळाने लेखी मागणी करावी की, जिल्हा पातळीवर ही गोळी अखंड मिळावी आणि पीसीआर चाचणी मोफत व्हावी. मंडळाच्या औषध निधीतून चाचणी आणि मुंबईच्या प्रवासाचा खर्च द्यावा, तोही रुग्णाचे नाव जाहीर न करता. आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती येथे उतरण्याची सोय, रेल्वेची कर्करोग रुग्णांसाठीची सवलत, यांची माहिती देणारा एक कार्यकर्ता मंडळाने नेमावा.

कोणी म्हणेल, एवढ्या थोड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? हा प्रश्न इंदूरच्या मराठी माणसाने तरी विचारू नये. आपणही या शहरात थोडेच आहोत. थोड्यांचे कोणी ऐकत नाही, म्हणूनच आपल्या वाडवडिलांनी मंडळे काढली, शाळा काढल्या, वाचनालये चालवली. तोच न्याय घरातल्या आजारी माणसाला लावायचा आहे.

सभेला अवश्य यावे, आणि या शीर्षासाठी हात वर करावा, ही विनंती.