वर्णद्वेष आणि मजुरीचा हिशेब

पाश्चात्त्य देशांत आशियाई माणसाच्या वाट्याला येणाऱ्या भेदभावाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच प्रसंगी होते. तेथे एखाद्या भारतीय विद्यार्थ्यावर हल्ला झाला की वृत्तपत्रांतून संतापाचा लोट उसळतो. आणि भारतीय वंशाचा एखादा गृहस्थ तेथे मोठ्या पदावर चढला की तोच संताप अभिमानात विरघळून जातो. ऋषी सुनक २०२२ साली ब्रिटनचे पंतप्रधान झाले तेव्हा ह्या अभिमानाला भरते आले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२४ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडच्या अनेक गावांत दंगलखोरांनी मशिदींवर आणि आश्रितांना ठेवलेल्या हॉटेलांवर हल्ले केले, आणि गौरेतर वस्त्यांतील लोकांना घराबाहेर पडणे अवघड झाले. पंतप्रधानपदाने जे मिटले नाही ते केवळ पूर्वग्रहाचे प्रकरण नव्हते. वर्णद्वेष हा मनाचा रोग आहे असे मानणारे त्यावर सुसंस्कृतपणाचा उतारा सुचवतात. आमच्या मते त्याची मुळे श्रमाच्या बाजारात आहेत, आणि तो उखडायचा असेल तर कामगार चळवळीला स्वतःच्या अंगणापासून सुरुवात करावी लागेल.

अमेरिकेचा इतिहास ह्याची साक्ष देतो. पॅसिफिक किनाऱ्याकडून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग १८६० च्या दशकात सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून खोदला गेला, तो प्रामुख्याने चिनी मजुरांच्या हातांनी. गोऱ्या मजुरापेक्षा त्यांना कमी वेतन मिळे आणि जेवणाचा खर्चही त्यांच्याच माथी असे. १८६७ च्या जून महिन्यात हजारो चिनी मजुरांनी समान वेतनासाठी संप पुकारला. कंपनीने त्यांची रसद तोडली, आणि आठवडाभरात उपासमारीने संप मोडला. गोरे मजूर त्यांच्या मदतीला आले नाहीत. गोऱ्या मजुराने त्या दिवशी केलेल्या चुकीची किंमत पुढे त्यालाही मोजावी लागली, कारण समान वेतनाची मागणी चिरडली गेल्यामुळे स्वस्त मजुरीचे हत्यार मालकाच्या हाती कायम राहिले. चिनी मजूर मजुरी पाडतो अशी ओरड मग त्याच गोऱ्या मजुरांनी सुरू केली. तो मजुरी पाडत नव्हता. त्याची मजुरी पाडली जात होती. हा साधा फरक तेव्हाच्या कामगार पुढाऱ्यांनी ओळखला नाही, किंवा ओळखूनही सांगितला नाही. वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे १८८५ साली गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी खाणकामगारांची कत्तल केली. चिनी मजुरांना देशात येण्यास मनाई करणारा कायदा त्यापूर्वीच, १८८२ साली, झाला होता आणि तो १९४३ पर्यंत टिकला. त्या कायद्याचे खंदे समर्थक असलेले, अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे संस्थापक-पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स हे स्वतः लंडनमध्ये जन्मलेले, विड्या-चिरूट वळणारे स्थलांतरित कामगार होते!

ह्याच वाटेने पुढे १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकूड-गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर पिटाळले. आणि ह्याच वाटेवर, पाऊणशे वर्षांनंतर, १९८२ साली डेट्रॉइटमध्ये व्हिन्सेंट चिन नावाच्या २७ वर्षांच्या चिनी-अमेरिकन तरुणाचा बळी पडला. जपानी मोटारींच्या स्पर्धेमुळे तेथील कारखान्यांत कामगारकपात चालू होती. मोटारधंद्यातील दोन गोऱ्यांनी बेसबॉलच्या दांड्याने त्याला इतके मारले की चार दिवसांनी तो मरण पावला. न्यायालयाने त्यांना तीन हजार डॉलर दंड आणि तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा दिली, तुरुंगवास नाही. तो जपानी नव्हता आणि मोटारी आयात करणाऱ्यांपैकीही नव्हता. कपातीचा निर्णय कंपन्यांच्या संचालकांनी घेतला होता. पण संचालक दिसत नाहीत, शेजारचा पिवळ्या कातडीचा माणूस दिसतो.

ब्रिटनची कथा आपल्याला अधिक जवळची, कारण तेथे ‘आशियाई’ ह्या शब्दाचा अर्थ प्रामुख्याने भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी असाच होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कापडगिरण्यांना रात्रपाळीला माणसे हवी होती, ओतकामाच्या कारखान्यांना भट्टीपुढे उभी राहणारी माणसे हवी होती. साम्राज्याने दरिद्री केलेल्या मुलखांतून ती आली. गरज भागताच दारे लावण्यास सुरुवात झाली. १९६२ चा निर्बंध हुजूर पक्षाच्या सरकारने आणला. पण १९६८ साली केनियातून येऊ पाहणाऱ्या, ब्रिटिश पासपोर्ट बाळगणाऱ्या आशियाई नागरिकांना रोखणारा कायदा मजूर पक्षाच्या सरकारने अवघ्या तीन दिवसांत संमत करून घेतला, हे समाजवाद्यांनी विसरता कामा नये. आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणाचा जन्म ब्रिटनमध्ये झाला होता, ह्यावर नागरिकाचा हक्क ठरू लागला. शब्दांत वर्णाचा उल्लेख नव्हता. परिणाम मात्र वर्णाचाच होता. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला विषारी भाषण केले, आणि त्यांच्या समर्थनार्थ लंडनचे गोदी कामगार पार्लमेंटवर चालून गेले. ज्यांच्या संपांची उदाहरणे आपण अभ्यासवर्गांत देतो, त्याच कामगारांचा तो मोर्चा होता.

कारखान्यांच्या आतही हीच भिंत उभी होती. लफबरो येथील मॅन्सफील्ड होजिअरीत १९७२ साली आशियाई कामगारांनी संप केला, कारण चांगल्या पगाराची कुशल कामे गोऱ्यांसाठी राखीव होती. १९७४ साली लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगार बोनसमधील अन्यायाविरुद्ध आणि युनियनमध्ये आपले प्रतिनिधी असावेत म्हणून बाहेर पडले. त्यांच्या युनियनच्या स्थानिक पुढाऱ्यांनी संपाला मान्यता देण्याचे नाकारले. कित्येक आठवडे तो लढा त्यांना मालकाशी आणि युनियनशी अशा दोन आघाड्यांवर लढावा लागला. पुढच्याच वर्षी अमेरिकन मालक-कंपनीने तो कारखाना बंद केला. तेव्हा नोकरी गोऱ्यांचीही गेली आणि आशियाईंचीही. ज्या दोन हातांनी मिळून टाळे अडवायचे, त्यातला एक हात आदल्या वर्षीच झिडकारला गेला होता.

परंतु ह्या काळोखातच एक ज्योत पेटली. वायव्य लंडनमध्ये ग्रनविक नावाची फोटो धुण्याची कंपनी होती. तेथील कामगार बहुसंख्येने पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती स्त्रिया होत्या. तुटपुंजा पगार, सक्तीचे जादा काम आणि पदोपदी होणारा अपमान हे तेथले नित्याचे जिणे होते. १९७६ च्या २० ऑगस्टला जयाबेन देसाई यांनी जादा कामाचा हुकूम धुडकावला आणि त्या मुलासह कारखान्याबाहेर पडल्या. साडी नेसलेली, उंचीने लहान, वयाने चाळिशी ओलांडलेली ही स्त्री पुढची दोन वर्षे ब्रिटनच्या कामगार चळवळीची अग्रणी ठरली. संपात उतरलेल्या १३७ जणांना मालकाने बडतर्फ केले. संपकऱ्यांची मागणी एवढीच होती की आमच्या युनियनला मान्यता द्या.

आणि ह्या वेळी गोरे कामगार आले. क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी कंपनीची टपाल हाताळण्यास नकार दिला; टपालावर जगणाऱ्या त्या धंद्याची नाडीच त्यांनी धरली. १९७७ च्या जूनपासून कारखान्याच्या दारावर सामुदायिक पिकेटिंग सुरू झाले. यॉर्कशरचे खाणकामगार बसगाड्या भरून आले. ११ जुलै रोजी सुमारे वीस हजार लोक त्या अरुंद गल्ल्यांत उभे होते. संपाच्या काळात पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. कोळशाने काळवंडलेल्या हातांच्या त्या माणसांना गुजराती येत नव्हते, आणि संपकरी स्त्रियांपैकी अनेकींना इंग्रजी अपुरे होते. पण मालक म्हणजे काय हे समजायला दोघांनाही दुभाष्याची गरज पडली नाही.

हा संप हरला, हे सांगितलेच पाहिजे. न्यायमूर्ती स्कारमन यांच्या चौकशी समितीने बडतर्फ कामगारांना परत घेण्याची आणि युनियनला मान्यता देण्याची शिफारस केली; मालकाने ती फेटाळली आणि सरकार हात चोळत बसले. टपाल कामगारांवर त्यांच्याच वरिष्ठ पुढाऱ्यांनी बहिष्कार मागे घेण्यासाठी दडपण आणले. नोव्हेंबर १९७७ मध्ये जयाबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालकाच्या दारावर नव्हे, तर मध्यवर्ती कामगार संघटनेच्या कचेरीसमोर उपोषण केले, आणि त्याबद्दल त्यांच्याच युनियनने त्यांना निलंबित केले. जुलै १९७८ मध्ये संप संपला. पुढे थॅचर सरकारने सहानुभूतीचा संप टप्प्याटप्प्याने बेकायदा ठरवला. त्याचा परिणाम २००५ साली दिसला. हीथ्रो विमानतळावर खानपान पुरवणाऱ्या गेट गुर्मे कंपनीने शेकडो कामगारांना एका फटक्यात काढून टाकले. त्यांत बहुसंख्य पंजाबी स्त्रिया होत्या. विमानतळावरील इतर कामगारांनी त्यांच्यासाठी काम बंद ठेवले, पण कायद्याच्या भीतीने युनियनला त्या संपापासून हात झटकावे लागले. राज्यकर्त्या वर्गाने ग्रनविकपासून धडा घेतला होता. प्रश्न आहे तो आपण घेतला की नाही हा.

तो धडा असा की वर्णभेदाविरुद्धचे कायदे आवश्यक आहेत, पण पुरेसे नाहीत. ब्रिटनने १९६५, १९६८ आणि १९७६ साली असे कायदे केले. त्यांनी दुकानाच्या दारावरची पाटी काढली, कारखान्यातली वेतनश्रेणी काढली नाही. यशस्वी आशियाईंची जी चित्रे आज रंगवली जातात त्यांच्या आड हाच मजूर झाकला जातो. २०२० साली महामारीच्या काळात लेस्टरच्या शिलाई कारखान्यांतील कामगारांना कायदेशीर किमान वेतनाच्या निम्म्याहून कमी मजुरी मिळत असल्याचे उघडकीस आले. तेथे राबणारे बहुतांशी आशियाई होते आणि राबवणाऱ्यांतही आशियाई होते. ग्रनविकचे मालक जॉर्ज वॉर्डही दिल्लीत जन्मलेले, अँग्लो-इंडियन होते. शोषणाला आपल्या रंगाची माणसे चालतात. म्हणून केवळ रंगाच्या एकीने शोषण संपत नाही.

आणि आपण तेथे नेलेल्या गाठोड्यात काय आहे, हेही पाहिले पाहिजे. ब्रिटनमधील दलित संघटनांनी जातिभेद कायद्याने प्रतिबंधित व्हावा म्हणून वर्षानुवर्षे आंदोलन केले. पार्लमेंटने २०१३ साली तशी तरतूद करणे सरकारवर बंधनकारक केले. २०१८ साली सरकारने ती करणार नसल्याचे जाहीर केले. तिला विरोध करणाऱ्यांत हिंदू संघटना आघाडीवर होत्या. गोऱ्याने आपल्याला रंगावरून हिणवू नये, पण आपण मात्र आपल्या बांधवाला जातीवरून हिणवावे, हा न्याय बाबासाहेबांच्या महाराष्ट्राला तरी शोभणारा नाही.

मुंबईकरांनी तर स्वतःलाच आरसा दाखवावा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाक्षिणात्य कारकुनांविरुद्ध आणि २००८ साली उत्तर भारतीय टॅक्सीचालकांविरुद्ध व रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांविरुद्ध ह्या शहरात जे घडले, त्याचा युक्तिवाद पॉवेल यांच्याहून कोठे वेगळा होता? ‘हे येतात आणि आमच्या नोकऱ्या खातात.’ गिरण्यांची टाळी ह्या माणसांनी लावली नव्हती. पण गिरणी कामगाराचा राग गिरणीच्या जमिनीकडे वळण्याऐवजी टॅक्सीकडे वळावा, ह्यात कोणाचे हित होते हे सांगण्याची गरज नाही.

ह्याच मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला १९२२ साली लंडनच्या बॅटरसी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून गेले. त्यांना इंग्रज कामगारांनी निवडून दिले, आणि १९२६ च्या सार्वत्रिक संपात खाणकामगारांची बाजू घेतल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास पत्करला. म्हणजे वर्ण ओलांडता येतो; तो ओलांडला गेला आहे. मात्र तो सदिच्छांनी ओलांडला जात नाही. समान कामाला समान दाम, बाहेरून आलेल्याला युनियनचे सभासदत्व आणि त्याच्या संपाला आपला खांदा, ह्या तीन गोष्टींनी तो ओलांडला जातो. आपल्या कार्यकर्त्यांनी परदेशातील आशियाईंसाठी निषेधाचे ठराव अवश्य करावेत. पण त्याच आठवड्यात बांधकामावरच्या बिहारी, ओडिया, बंगाली मजुरांची नोंदणी झाली आहे का, त्यांना स्थानिक मजुराइतकाच दाम मिळतो का, आणि आपल्या युनियनच्या सभेत त्यांची भाषा बोलणारा कोणी आहे का, हेही तपासावे. ग्रनविकच्या दारावर उभ्या राहिलेल्या त्या खाणकामगारांचे ऋण आपल्यावर आहे. ते फेडण्याची जागा लंडन नाही, ती येथेच आहे.