टेस्ट विचारणं म्हणजे विटाळ नव्हे

मुंबई-आग्रा महामार्गावरच्या सोनगीरला मुंबई, नाशिक, सुरतेहून पाहुणे येतात. ‘येण्याआधी कोरोनाची टेस्ट करा’ म्हटलं की मामा-आत्या दुखावतात. पिढ्यानपिढ्या ‘दूर हो’ ऐकलेल्या समाजाला हे झोंबणारच. पण विटाळ जात पाहतो; टेस्ट फक्त विषाणू पाहते. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने मान्यता दिलेलं पुण्याच्या मायलॅबचं घरगुती किट २५० रुपयांचं होतं, निकाल १५ मिनिटांत. लक्षणं असूनही निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर हवीच. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीबाई गेल्या. संसर्ग आपपरभाव पाळत नाही. तरुणांनो, आधी स्वतःची टेस्ट करा, मगच पाहुण्यांना विचारा. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या किटचा खर्च यजमानाने उचलावा. मैत्री आणि करुणा ती हीच. जय भीम!