टॅलीवाल्यांचं विज्ञान

आता विज्ञानाचाही सातबारा निघालाय. एकानं पेपर लिहायचा, दुसऱ्यानं आपल्या पेपरात त्याचा संदर्भ द्यायचा, आणि बाहेरच्या कुणीतरी हे संदर्भ मोजून ठरवायचं की हा मोठा शास्त्रज्ञ, तो बारका. पेपरात काय लिहिलंय ते वाचायची गरज नाय.

२००५ साली कॅलिफोर्नियातल्या होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं हा हिशेब एका आकड्यात बसवला. एच-इंडेक्स. तुमच्या वीस पेपरांना प्रत्येकी निदान वीस संदर्भ मिळाले, तर तुमचा आकडा २०. जन्मात एकच पेपर लिहिला, हजारांनी त्याचा संदर्भ दिला, तरी तुम्ही १. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात कायम व्हायला साधारण १२, पूर्ण प्रोफेसर व्हायला १८, असंही त्यानंच सुचवलं. २०२० साली याच हर्शनं लिहिलं की हा आकडा साफ फसू शकतो, नुकसान करू शकतो. तोवर साऱ्या जगाच्या दारावर ही पट्टी ठोकून झाली होती.

मुळात युजीन गारफिल्डनं १९५५ साली संदर्भसूचीची कल्पना मांडली ती पेपर शोधायला. १९६४ साली ती सूची छापून आली. शोधायचं हत्यार माणसं तोलायला लागलं. ही सूची ज्या धंद्यात होती तो २०१६ साली ३५५ कोटी डॉलरला विकला गेला. कुणाची लायकी किती, याचा काटा आता मालकीचा माल आहे.

आमच्या गोदीत टॅली क्लार्क असतो. विंचखाली उभा राहून गोणी मोजतो. त्याच्या वहीत गोणी येतात, पाठी येत नाहीत. पण तो कधी म्हणत नाय की ज्या टोळीच्या गोणी जास्त तीच अक्कलवान. एवढी लाज त्याला आहे.

आता खरी गंमत. १९६८ साली रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं दाखवलं की ज्याचं नाव आधीच मोठं त्यालाच आणखी श्रेय मिळतं. तेच काम करणारा अनोळखी माणूस मागं पडतो. बायबलातल्या मत्तयाच्या नावावरून त्याला 'मॅथ्यू परिणाम' म्हणतात. लेख एकट्या मर्टनच्या नावावर. पण नोबेलवाल्यांना गाठून मुलाखती घेतल्या होत्या हॅरिएट झुकरमन या बाईनं, आणि लेखाचा माल बराचसा तिथलाच. ती तळटीपांत राहिली. १९७३ साली मर्टननंच लिहिलं की हा लेख दोघांच्या नावानं यायला हवा होता. श्रेय कसं लुटलं जातं हे सांगणारा लेखच असा निघाला! आणि संदर्भ मोजणाऱ्या यंत्राला ही कबुली वाचता येत नाय. ते आजही मर्टनच्याच खात्यात जमा करतंय.

मेंडेलचा वाटाण्याचा पेपर १८६६ सालचा. १९००पर्यंत त्याला जवळजवळ कुणी विचारलं नाही. पीटर हिग्जला २०१३ साली नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी तो म्हणाला की आजच्या दिवसांत आपल्याला विद्यापीठात नोकरीही मिळाली नसती.

आणि जिथं आकड्यावर भाकरी, तिथं आकड्याची चोरी. तू माझा संदर्भ दे, मी तुझा देतो. सर्वाधिक संदर्भवाल्यांची यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीनं २०२३ साली हजारावर नावं संशयापोटी स्वतःच बाहेर काढली. आपल्याकडं युजीसीनं २०१० साली मास्तरांना पेपरामागं गुण लावले. मग पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं पिकली. २०१८ साली युजीसीलाच आपल्या यादीतून चार हजारांवर नियतकालिकं उपटून काढावी लागली. च्यायला, यालाच मेरिट म्हणायचं का?

कारण मेरिटवाले उद्या हाच आकडा तुमच्या तोंडावर फेकणार आहेत. संदर्भ कोण कुणाचा देतो? ओळखीचा ओळखीचा. परिषदेत शेजारी बसलेला, गाइडच्या गोतावळ्यातला. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजची पायरी चढलं, त्याला ह्या पंगतीत बोलावणार कोण? मराठीत संशोधन लिहाल तर त्या सूच्यांत जवळजवळ नसल्यात जमा. आणि प्रयोगशाळेत काचा धुणारा, यंत्र जुळवणारा, त्याचा तर कॉलमच नाय.

२०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या शास्त्रज्ञांनी आणि संपादकांनीच जाहीरनामा काढला की पत्रिकेच्या आकड्यावरून माणूस जोखू नका, काम बघा. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा आपला पेपर बरोबर न्या. साहेबांच्या टेबलावर ठेवा आणि विचारा: यातलं कुठलं पान तुम्ही वाचलंत?